केंब्रिजमध्ये काय काय नाही

केंब्रिजला पाहण्यासारखं पुष्कळ आहे. अडचण एवढीच, की त्यातलं बरंचसं तिथे नाही. जे आहे त्यातलं निम्मं आपण जातो त्या दिवशी बंद असतं, आणि जे उघडं असतं त्याविषयी गाईड जे सांगतो ते घडलेलं नसतं. तरीही जगभरातून माणसं येतात, संध्याकाळी तृप्त होऊन परत जातात आणि घरी गेल्यावर सांगतात, की आम्ही न्यूटनचा पूल पाहिला, न्यूटनचं झाड पाहिलं.

सुरुवात स्टेशनापासूनच होते. स्टेशन आहे, पण गाव नाही. १८४५ मध्ये इथे रेल्वे आली तेव्हा विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांना घोर लागला, की आता पोरं गाडीत बसून लंडनला उनाडायला जाणार. म्हणून त्यांनी स्टेशन गावाबाहेर ढकललं असं सांगतात. पोरं लंडनला जायची ती गेलीच. स्टेशनापासून गावापर्यंतची पायपीट मात्र पावणेदोनशे वर्षं पाहुण्यांच्या वाट्याला आली आहे.

आमच्याबरोबर भाची होती. ती इथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे गाव दाखवण्याची तिला काडीची हौस नाही. बायकोजवळ मात्र यादी होती. यादीत पहिलं नाव ट्रिनिटी कॉलेजचं.

ट्रिनिटीच्या महाद्वारावर आठवा हेन्री उभा आहे. १५४६ मध्ये कॉलेज त्यानेच काढलं. एका हातात राजाला शोभेलसा गोल, आणि दुसऱ्या हातात जिथे राजदंड असायला हवा तिथे खुर्चीचा पाय. साधा, लाकडी, जेवणाच्या टेबलापाशी असते तसल्या खुर्चीचा. कधीकाळी विद्यार्थ्यांनी रात्री वर चढून राजदंड काढून घेतला आणि हा पाय खोवून ठेवला, अशी कथा आहे. कॉलेजने तो तसाच राहू दिला. कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, चौकशी समिती बसली नाही, दुधाचा अभिषेक झाला नाही.

"आपल्याकडे असतं तर?" बायकोने विचारलं.

"गाव बंद," मी म्हणालो.

"तीन दिवस," ती म्हणाली.

पण या राजाकडे मान वर करून पाहतो कोण? सगळी गर्दी दाराच्या उजव्या हाताला, एका मध्यम उंचीच्या झाडासमोर. हे न्यूटनचं सफरचंदाचं झाड. न्यूटनची खोली याच बाजूला, वरच्या मजल्यावर होती. आता गंमत अशी, की १६६५ मध्ये प्लेगची साथ आली, विद्यापीठाने दारं लावून घेतली आणि न्यूटन आपल्या गावी, लिंकनशायरमधल्या वूल्स्थॉर्पला निघून गेला. सफरचंद पडलंच असेल तर ते तिथल्या बागेत पडलं. म्हणजे सफरचंद पडलं तिथे कॉलेज नव्हतं, आणि कॉलेज आहे तिथे सफरचंद पडलेलं नाही. समोर उभं आहे ते त्या मूळ झाडाच्या वंशातलं, विसाव्या शतकात आणून लावलेलं कलम. जातही अशी, की फळ चावून खाण्यापेक्षा शिजवायला बरं. गावातल्या वनस्पती उद्यानातही असंच एक कलम होतं, १९५४ मध्ये लावलेलं. ते फेब्रुवारी २०२२ च्या वादळात उन्मळून पडलं. न्यूटनच्या झाडाने आणखी कशाने जावं?

एक तरुण झाडाखाली बसून, डोक्यावर हात ठेवून, वर बघत फोटो काढून घेत होता. त्याच्या मागे त्याच कामासाठी आणखी सात-आठ जण उभे. बायको म्हणाली, "या विद्यापीठाने सुट्टी दिली म्हणून शोध लागला, आणि झाड मात्र यांनी लावून घेतलं." भाची म्हणाली, "मामी, आमच्या लॅबमध्येही असंच असतं."

आत गेलं की ग्रेट कोर्ट. भलं मोठं अंगण, मध्ये कारंजं, चारी बाजूंनी इमारती. घड्याळ दुपारी बाराचे ठोके देत असताना या अंगणाला पळत एक फेरी मारायची, असा इथला जुना खेळ आहे. घड्याळ तास दोनदा वाजवतं, म्हणून ठोके चोवीस. तरी हातात मिळतात ते पाऊण मिनिटाच्या आतबाहेर. 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटात हॅरल्ड अब्राहम्स ही शर्यत मारतो, ते दृश्य डोळ्यांसमोर आणून माणसं इथे उभी राहतात. अब्राहम्सने प्रत्यक्षात ती शर्यत कधी मारलीच नव्हती. १९२७ मध्ये ती मारली लॉर्ड बर्गलीने. आणि चित्रपटातलं अंगण हे नव्हेच. चित्रीकरण ईटनच्या शाळेत झालं. एवढं सगळं माहीत असलेली माणसंसुद्धा जागेवर उभी राहून घड्याळाकडे बघून घेतात. मीही बघितलं.

याच कॉलेजात कवी बायरन होता. कुत्रं पाळायला मनाई आहे असं कळल्यावर त्याने अस्वल आणलं. नियमात अस्वलाचा उल्लेख नव्हता. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांवर सव्वा पान आहे. तीत पोपटापासून कासवापर्यंत सगळे आहेत, अस्वल नाही. हे मी परत गेल्यावर सेक्रेटरींच्या कानावर घालणार आहे. बायरनचा संगमरवरी पुतळा वेस्टमिन्स्टर ॲबेने ठेवून घ्यायला नकार दिला, तो शेवटी इथल्या रेन ग्रंथालयात येऊन उभा राहिला. त्याच ग्रंथालयात न्यूटनची 'प्रिन्सिपिया'ची स्वतःची प्रत आहे, आणि ए. ए. मिल्नने हाताने लिहिलेलं 'विनी-द-पू' आहे. म्हणजे एक अस्वल अखेर कॉलेजने ठेवून घेतलं.

रामानुजन १९१४ मध्ये इथेच आले. त्यांची 'हरवलेली वही' म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाला सापडली. कुठे? याच ग्रंथालयात. ग्रंथालय पाहुण्यांसाठी दिवसातून फार थोडा वेळ उघडतं, त्यामुळे वही इतकी वर्षं कोणाच्या हाती लागली नाही याचं मला तरी नवल वाटलं नाही.

आता हिरवळीविषयी. प्रत्येक कॉलेजच्या अंगणात हिरवळ असते आणि तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. फेलो म्हणून निवडलेल्या विद्वानांनाच तो अधिकार. रामानुजन १९१८ मध्ये ट्रिनिटीचे फेलो झाले, तेव्हा त्यांना इतर मानांबरोबर हाही मिळाला असणार. ही विद्वत्तेची फार सुटसुटीत मोजणी आहे असं माझं मत झालं. आपल्याकडे विद्वान ओळखायला शाल, श्रीफळ, भाषण, आभारप्रदर्शन एवढा खटाटोप लागतो. इथे गृहस्थ गवतातून तिरका चालत गेला की समजायचं. बाकीच्यांनी काटकोनात वळून फरशीवरून जायचं. दोन तास असे काटकोनात चालल्यावर बायको म्हणाली, "मी आता बुद्धिबळातला हत्ती झाले आहे."

किंग्ज कॉलेजने मात्र एक अजब केलं. १७७२ पासून दाढी केल्यासारखी तासत आणलेली मागची हिरवळ त्यांनी अडीच शतकांनी अर्धीमुर्धी मोकाट सोडली आणि तिथे रानफुलांचं कुरण केलं. गवत कापायला घोडे जुंपले. इतक्या पिढ्यांनी जिथे पाय ठेवायची हिंमत केली नाही, तिथे घोडे सरळ मधून गेले, आणि त्यांच्यातला एकही फेलो नव्हता.

मराठी माणसाची केंब्रिजची यादी थोडी निराळी असते. आमच्या वडिलांच्या पिढीत गणितात कमी मार्क पडले की रँग्लर परांजप्यांचं नाव ऐकून घ्यावं लागे. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येतो आणि तू? असा तो प्रश्न असे. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षी बर्टविसल नावाचा आणखी एक विद्यार्थी त्यांच्या बरोबरीने पहिला होता, पण त्याचं नाव ऐकवून पुण्यात कोणाला रडवल्याचं ऐकिवात नाही. पुढे जयंत नारळीकर इथे आले. 'चार नगरांतले माझे विश्व' मधलं एक नगर हेच.

सेंट जॉन्सच्या दाराशी पोर्टर उभा असतो, अत्यंत अदबशीर. बायकोने त्याला विचारलं, "परांजपे इथेच होते ना? अठराशे नव्याण्णव?" त्याने क्षणभर खरोखर विचार केला. "माझ्या आधीचे असावेत, मॅडम," तो म्हणाला. "मी चौऱ्याण्णवपासून आहे."

ज्या सिनेट हाउसमध्ये हे निकाल वाचले जात, ते बाहेरून बघता येतं. पहिला कोण याइतकीच शेवटचा कोण याचीही तिथे उत्सुकता असे. उत्तीर्णांच्या यादीत जो तळाला असेल, तो पदवी घ्यायला कुलगुरूंपुढे गुडघे टेकून बसला की वरच्या गॅलरीतून मित्र दोरीने एक प्रचंड लाकडी चमचा खाली सोडत. १९०९ नंतर क्रमवार यादीच बंद झाली. शेवटचा चमचा ज्याला मिळाला तो होल्टहाउस सेंट जॉन्सचाच, म्हणजे परांजप्यांच्याच कॉलेजचा. वल्हवण्यात रमलेला गडी; चमचाही वल्ह्याचाच केलेला, मीटरभराहून लांब. पहिल्याला आपण डोक्यावर घेतलं हे ठीकच, पण भर समारंभात मीटरभर चमचा स्वीकारून घरी जाणाऱ्याचंही एखादं व्याख्यान ठेवायला हवं होतं. आमच्या शाळेला त्याचा जास्त उपयोग झाला असता.

परांजप्यांची लेक शकुंतला हीसुद्धा इथेच, न्यूनहॅम कॉलेजात, गणित शिकली. विद्यापीठ तेव्हा बायकांची परीक्षा घेई आणि नावापुरती पदवी देई. पुरुषांसारखी पूर्ण पदवी द्यायला त्यांना १९४८ साल उजाडलं. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता विद्यापीठ स्थापून. बायकोने हे ऐकलं आणि सिनेट हाउसचा फोटो न काढता पुढे चालू लागली.

याच इमारतीच्या छपरावर १९५८ च्या जूनमध्ये एके सकाळी गावकऱ्यांना ऑस्टिन सेव्हन मोटार दिसली. विद्यार्थ्यांनी रातोरात चढवलेली. उतरवायला अधिकाऱ्यांना सुमारे आठवडा लागला, आणि तीही अखेर तुकडे करूनच उतरली. आता छपरावर काही नाही. तरी सगळे वर बघतात.

नदीवर मात्र हसू आवरत नाही. कॅम नदी आपल्या ओढ्याएवढी, आणि तिच्यात सपाट तळाच्या पंट नावाच्या होड्या. मागच्या फळीवर उभं राहून लांब काठी तळात रोवायची, होडी पुढे ढकलायची, काठी उपसायची. ऑक्सफर्डला होडीच्या दुसऱ्या टोकावर उभं राहून हेच करतात, आणि दोन्ही गावांना दुसऱ्याचं टोक चुकीचं वाटतं. काठी चिखलात रुतते तेव्हा खरी परीक्षा. नियम सोपा आहे: काठी सोडा, होडी सोडू नका. पण ज्या गोष्टीचं डिपॉझिट भरलंय ती हातातून सुटू द्यायची नाही असं आपले संस्कार सांगतात. आमच्यासमोरच बंगळूरच्या आयटीतला वाटावा असा एक सुटाबुटातला मुलगा काठीला घट्ट धरून राहिला. होडी त्याच्या पायांखालून सावकाश पुढे निघून गेली. होडीतले मित्र त्याला वाचवायचं सोडून व्हिडिओ घेत होते. तो काठीवर जेवढा वेळ टिकला तेवढ्यात दोन बदकं येऊन पाहून गेली.

आमची होडी चालवायला गवती टोपी घातलेला एक गोरा पोरगा होता. त्याचं तोंड काठीपेक्षा जोरात चालत होतं. क्वीन्स कॉलेजचा लाकडी 'गणिती पूल' आला तसा तो म्हणाला, की हा पूल न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. विद्यार्थ्यांनी कुतूहलापोटी तो सुटा केला, आणि मग जोडता येईना म्हणून बोल्ट मारावे लागले.

बायकोने फलकावर वाचलं होतं. "न्यूटन वारले सतराशे सत्तावीसमध्ये. पूल सतराशे एकोणपन्नासचा."

"म्हणूनच तर मॅडम," तो जराही न अडखळता म्हणाला, "त्यांना एवढं थोर मानतात."

या पुलाचा आराखडा विल्यम एथरिजचा आणि बांधला जेम्स एसेक्सने. दोनदा नव्याने उभारला, शेवटचा १९०५ मध्ये, सागवानात. सगळी लाकडं सरळ, पण जोडणी अशी की पूल कमानदार दिसतो. खरी करामत डोळ्यांसमोर असताना न्यूटनला कशाला बोलवायचं, हा प्रश्न त्या पोराला विचारायचा नसतो. टीप कमी पडते. सिंहगडावर 'इथूनच घोरपड लावली' म्हणून बोट दाखवणाऱ्यांनाही तो आपण कुठे विचारतो?

पुढे सेंट जॉन्सचा उसाशांचा पूल, १८३१ चा. नाव व्हेनिसच्या पुलावरून. दोन्ही पुलांना छप्पर आहे, साम्य इथे संपलं. किंग्जच्या पुलाजवळ एक पांढरा दगड आहे आणि त्यावर चिनी कवी श्यू झमोच्या कवितेतल्या ओळी. हा १९२१-२२ च्या सुमारास इथे होता, आणि १९२८ मध्ये केंब्रिजचा निरोप घेणारी त्याची कविता चिनी मुलं शाळेत पाठ करतात. त्यामुळे दगडाभोवती सतत चिनी घोळका, आणि त्यातल्या आजीबाई कविता खड्या आवाजात म्हणतात. न्यूटनच्या झाडापेक्षा इथली गर्दी मला अस्सल वाटली. इथे निदान सगळ्यांना पाठ होतं.

आणि किंग्जचं चॅपल. ते आहे, अगदी ऐकलं होतं तसंच आहे. सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये पायाचा दगड बसवला. मग गुलाबांची युद्धं झाली, तो मारला गेला, राजे बदलले, पैसा आटला, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. दगडी काम पुरं व्हायला १५१५ उजाडलं. एकोणसत्तर वर्षं. पुण्यातल्या उड्डाणपुलांची बाजू मांडायला हा आकडा मी लिहून घेतला आहे. पण आत शिरल्यावर थट्टा सुचत नाही. लांबी अठ्ठ्याऐंशी मीटर, उंची चोवीस, आणि मध्ये एकही खांब नाही. दोन्ही भिंतींतून दगडाच्या शिरा वर चढतात आणि माडाच्या झावळ्यांसारख्या पसरून माथ्यावर एकमेकींना भेटतात. हे छत जॉन वॉस्टेल नावाच्या गवंड्याने तीनेक वर्षांत उभं केलं. या जातीचं जगातलं सर्वांत मोठं. वेदीमागे रूबेन्सचं चित्र आहे, त्याच्याकडे बघायला मान खाली यायला तयार नव्हती. बायको यादी पर्समध्ये टाकून बाकावर बसली. भाची, जिने हे पूर्वी कितीदा पाहिलं असेल, तीही गप्प होती.

बाहेर आलो आणि पुन्हा आपलं केंब्रिज सुरू. 'द ईगल' नावाचा पब. २८ फेब्रुवारी १९५३ ला फ्रान्सिस क्रिक दुपारच्या जेवणाला इथे आला आणि जीवनाचं रहस्य, म्हणजे डीएनएची रचना, सापडलं म्हणून त्याने जाहीर केलं. पाटीवर आधी क्रिक आणि त्याचा जोडीदार वॉटसन यांचीच नावं होती. खाली कुणीतरी श्रेयातून गाळलेल्या संशोधिकेचं नाव, 'फ्रँकलिन', हाताने जोडून टाकलं होतं. ते लिहिणाऱ्याला माझ्यातर्फे एक चहा.

पुढच्या कोपऱ्यावर कॉर्पस घड्याळ. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते उद्घाटन झालेलं. सोन्याचा मुलामा दिलेली मोठी तबकडी. तिच्यावर ना काटे ना आकडे. वर एक अक्राळविक्राळ टोळ बसून सेकंद खातो. जॉन टेलर यांनी ते असं बनवलं आहे, की लंबक मधूनच अडखळतो, मधूनच धावतो, आणि वेळ फक्त दर पाच मिनिटांनी एकदा बरोबर असते. तास पूर्ण झाला की आत एका लाकडी शवपेटीवर साखळी आपटते. "एवढे पैसे घालून चुकीची वेळ?" बायको म्हणाली. "आपल्या हॉलमधलं फुकट दाखवतं."

हाकेच्या अंतरावर ग्रेट सेंट मेरी चर्च. त्याच्या घड्याळासाठी १७९३ मध्ये जी टोल्यांची चाल बसवली, ती पुढे लंडनच्या बिग बेनने उचलली आणि तिथून जगभरच्या भिंतींवरच्या घड्याळांत गेली. जुन्या वाड्यांमध्ये पाव-पाव तासाला जी वाजायची ती हीच. सगळे तिला वेस्टमिन्स्टरची म्हणतात. जे खरोखर केंब्रिजचं, त्यावर नाव लंडनचं. तिथे कोणी फोटो काढत नव्हतं.

यादीत शेवटचं नाव राजसत्ता उलथवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या डोक्याचं. हा सिडनी ससेक्स कॉलेजचा विद्यार्थी. मेल्यानंतर त्याला उकरून काढलं, मुंडकं वेस्टमिन्स्टरला खांबावर लावलं, पुढे ते हातोहात फिरलं आणि १९६० मध्ये त्याच्या कॉलेजात पुरलं. कुठे, ते कॉलेज सांगत नाही. जवळपास कुठेतरी आहे अशी पाटी तेवढी आहे.

"म्हणजे बघायचं काय?" बायकोने विचारलं.

"भिंत, मामी," भाची म्हणाली.

आम्ही भिंत पाहिली.

हॉकिंगने तर कमाल केली. २८ जून २००९ ला त्याने आपल्या कॉलेजात, कीजमध्ये, काळात मागे-पुढे प्रवास करणाऱ्यांसाठी मेजवानी ठेवली. फुगे, खाणं, शॅंपेन, सगळं मांडलं. आमंत्रणं मेजवानी उरकल्यावर पाठवली. कोणी आलं नाही. न आलेल्या पाहुण्यांची मेजवानी सांगावी तर याच गावाने.

जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना आत घेत नाहीत, आणि 'मे वीक' नावाचा त्यांचा उत्सव जूनमध्ये असतो. सत्र चालू असताना जा. किंग्जच्या चॅपलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही. थोडं आधी जाऊन रांगेत उभे राहा, आणि बाक मिळाला तर मानेला टेकू मिळेल असा धरा.